फोटो विकून कुणाचं भलं होतं का?

प्रश्न : भाच्यासोबत नागपूरला एका फोटो प्रदर्शनात गेलो होतो. दारावर पाटी होती, ‘विक्रीतून मिळणारी रक्कम समाजकार्यासाठी’. आत आदिवासी बायांचे, म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे हे मोठमोठे फोटो. एकाखाली किंमत लिहिलेली, पंचवीस हजार. एवढ्यात आमच्याकडे एखाद्या पोराचं वर्षभराचं शिक्षण निघतं. हे पैसे खरंच कुठे पोचतात का? आणि असलं काही आमच्या सौंसरात भरवता येईल का?
– एक वाचक, सौंसर

उत्तर : पोचतात. पण दरवेळी नाही, आणि किती पोचले ते दारावरच्या पाटीवरून कळत नाही.

ही रीत चांगली पावणेतीनशे वर्षांची आहे. लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली तान्ही मुलं पाहून थॉमस कोरम नावाच्या जहाजी कप्तानाचं मन कळवळलं. त्यानं सतरा वर्षं बड्या लोकांचे उंबरे झिजवले आणि १७३९ मध्ये राजाची सनद मिळवून ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ काढलं. नावात हॉस्पिटल असलं तरी ते अनाथालय. विल्यम होगार्थ हा त्या काळचा नावाजलेला चित्रकार तिथल्या विश्वस्तांमध्ये होता. त्यानं १७४० मध्ये कोरमचं भलंथोरलं व्यक्तिचित्र रंगवून संस्थेला देऊन टाकलं आणि ओळखीच्या चित्रकारांनाही चित्रं द्यायला लावली. लंडनमध्ये तेव्हा हयात चित्रकारांचं काम पाहायला सार्वजनिक जागा अशी नव्हतीच. लोक चित्रं बघायला अनाथालयात येऊ लागले. येताना मुलं दिसत, जाताना हात खिशाकडे जाई. पुढे १७५० पासून हँडल या संगीतकारानं तिथेच आपल्या ‘मसाया’चे कार्यक्रम करून पैसा उभा केला.

चित्रकारांचाही यात फायदा होता. त्यांची कामं श्रीमंतांच्या नजरेस पडत, नवी मागणी येई. तो फायदा कुणी लपवला नाही, आणि मला या हकिकतीत हेच आवडतं. दानधर्माच्या कार्यक्रमात सगळ्यांनी निःस्वार्थीपणाचा आव आणला की हिशेब विचारायची पंचाईत होते.

तर हिशेब. पंचवीस हजारांचा फोटो विकला गेला, म्हणजे संस्थेला पंचवीस हजार मिळाले असं नाही. टिकाऊ कागदावरची मोठी प्रिंट, चौकट, काच, वाहतूक, हॉलचं भाडं, उद्घाटनाचा चहा-नाश्ता हे सगळं त्यातून जातं. खाजगी गॅलरी असेल तर ती साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम ठेवून घेते. काही प्रदर्शनांत फोटोग्राफर आपला सगळा हिस्सा देतो, काहींत अर्धा, काहींत ‘खर्च वजा जाता उरेल ते’. आणि उरत कधी कधी काहीच नाही. म्हणून पाटी दिसली की आयोजकाला सरळ विचारावं : कोणत्या संस्थेला, विक्रीचा किती वाटा, आणि मागच्या वेळी किती दिले? प्रामाणिक आयोजक या प्रश्नानं रागावत नाही. उलट पावतीची प्रत काढून दाखवतो.

एका फोटोला एवढी किंमत येते कशी, हाही तुमच्या मनातला प्रश्न असणार. फोटोच्या वाटेल तितक्या प्रती निघतात, म्हणून फोटोग्राफर स्वतःवरच बंधन घालून घेतो. दहाच प्रती काढणार, प्रत्येकीवर सही आणि क्रमांक, अकरावी निघणार नाही. किंमत त्या बंधनाची असते. नावाचीही असते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत उद्धव ठाकरे यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, त्याचं उत्पन्न दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी जाहीर केलेलं होतं. राजकीय पुढाऱ्यानं काढलेला फोटो घेणाऱ्याच्या मनात छायाप्रकाशाखेरीज आणखी काय काय असतं ते सांगायला नको. शेतकऱ्याला पैसे मिळाले तर घेणाऱ्याचं मन तपासत बसण्यात मात्र अर्थ नाही, असं माझं मत. ती जहांगीर गॅलरी तरी कशी उभी राहिली? सर कावसजी जहांगीर यांनी गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून, १९५२ मध्ये.

गॅलरीत पाऊल न टाकणाऱ्यांनीही चित्रांतून दान केलेलं आहे. १९७९ मध्ये रिपन कपूर आणि त्यांच्या सहा मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर ‘क्राय’ ही मुलांसाठीची संस्था सुरू केली. पैसे उभारण्याचं त्यांचं मोठं साधन होतं शुभेच्छापत्रं. चित्रकारांनी चित्रं वापरायला दिली आणि दिवाळी-नववर्षाला घरोघर ती कार्डं गेली. पंचवीस हजारांचं एक चित्र विकायला एक श्रीमंत गाठावा लागतो. पाच रुपयांचं कार्ड पाच हजार लोक घेतात, आणि मुलांच्या प्रश्नाशी पाच हजार घरांची ओळख होते.

आता ज्यांचे फोटो भिंतीवर लटकतात त्यांच्याकडे वळू. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग हिनं एका आईचा फोटो काढला. खांद्याशी तोंड लपवून बिलगलेली मुलं, मांडीत तान्हं, आईची नजर कुठेतरी लांब. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी तो एक. वर्तमानपत्रात बातमी आणि फोटो छापून आले आणि सरकारनं त्या तळावर वीस हजार पौंड अन्न, म्हणजे नऊ टनांच्या आसपास, धाडलं. ते पोचलं तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेलेली होती. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळायला चाळीसेक वर्षं लागली. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी मदतीचं आवाहन केलं, आणि मग कुठे त्या फोटोच्या पुण्याईवर पस्तीस हजार डॉलरच्या वर रक्कम जमली. फोटोनं तळावरच्या इतरांचं पोट भरलं, हे खरंच. पण जिच्या चेहऱ्यावर सगळं उभं होतं ती तोवर वाऱ्यावरच राहिली.

म्हणून प्रदर्शन पाहताना माझी कसोटी एकच असते : फोटोतल्या माणसाकडे परत काय गेलं? पैसाच जायला हवा असं नाही. एक प्रत जावी, नाव जावं, मान जावा. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले, देशात-परदेशात मांडले. त्या फोटोंमुळे मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस शहराच्या तोंडासमोर आला. ओलवे तिथे थांबले नाहीत, वंचित वस्त्यांतल्या मुलांच्या हाती त्यांनी कॅमेरे दिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता सौंसर. नागपूरची गॅलरी उचलून सौंसरात आणायची गरज नाही. पी. साईनाथ यांचा दाखला डोळ्यांसमोर ठेवा. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून त्यांनी राबणाऱ्या ग्रामीण बायांचे फोटो काढले आणि ते बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, कारखान्यांची दारं, शेतमजुरांचे मेळावे, शाळा-कॉलेजं इथे मांडले. गॅलरीत क्वचितच. ‘पारी’ या त्यांच्याच संग्रहाच्या नोंदीप्रमाणे सात लाखांवर लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं. ज्या बायांचे फोटो होते तशाच बाया डोक्यावरची पाटी खाली ठेवून ते बघत होत्या. एवढे प्रेक्षक मोठमोठ्या गॅलऱ्यांच्या नशिबी नसतात.

तुमच्याकडे गर्दीच्या जागांची वानवा नाही. सौंसरचं बसस्थानक आहे, आठवडी बाजार आहे, मंगळवार-शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला लोटणारी माणसं आहेत. विषय तर पायाशी पडलेत. संत्र्याचा तोडा, बागेतली प्रतवारी, दलालाशी घासाघीस, रात्री भरले जाणारे ट्रक. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेली पोरं. खडी गंमत, दंडार अजून कुठे उभी राहत असेल तर तिचे कलाकार, आणि तेही रंग लावून फक्त नव्हे, सकाळी मजुरीला जातानाही. फोटोखालची ओळ मराठीत लिहा आणि हिंदीतही. तुमच्याकडची पोरं शिकतात हिंदीत आणि आजीशी बोलतात मराठीत. १९५६ मध्ये राज्याची सीमा आखली गेल्यापासून हे असंच चाललंय, तेव्हा दोघांनाही वाचता आलं पाहिजे.

पैसे कसे उभे करायचे? पंचवीस हजारांच्या प्रिंटचा नाद सोडा. बारा फोटोंची एक दिनदर्शिका काढा. ती वर्षभर भिंतीवर राहते, दुकानदार शंभर प्रती एकदम घेतो, आणि बाजूच्या कोपऱ्यात त्याचं नाव छापलं की खुशीत दोन पैसे जास्तीचे देतो. दुसरी वाट कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे असं बंधन आहे, आणि त्या खर्चाच्या यादीत वारसा, कला, पारंपरिक कारागिरी आणि सार्वजनिक वाचनालयं स्पष्ट लिहिलेली आहेत. बोरगावच्या औद्योगिक पट्ट्यात कारखाने आहेत. तिथे जाऊन ‘वर्गणी द्या’ म्हणू नका, या कलमाचं नाव घेऊन अर्ज द्या, फरक पडतो. मात्र हा पैसा नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो, चार मित्रांच्या मंडळाला नाही.

तुमच्या ओळखीत कुणी गोंड चित्रकार असेल तर त्याला भोपाळची वाट दाखवा. तिथल्या जनजातीय संग्रहालयात ‘शलाका’ नावाखाली आदिवासी चित्रकारांची प्रदर्शनं भरतात आणि चित्रं विकलीही जातात. याच शहरात १९८२ मध्ये भारत भवन उघडलं आणि जगदीश स्वामीनाथन यांनी पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम या तरुणाची चित्रं आधुनिक चित्रकारांच्या जोडीनं मांडली. आज कितीतरी परधान गोंड घरं या कलेवर चालतात. महाराष्ट्रात वारलीचंही असंच झालं : भास्कर कुलकर्णींनी जिव्या सोमा मशे यांची चित्रं शहरात आणली, १९७५ मध्ये ती मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये लागली, आणि लग्नाच्या भिंतीवरची चित्रं कागदावर आली. पण याच कथेला दुसरी बाजूही आहे. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी घरापासून दूर काम करत असताना जनगढनं आपलं आयुष्य संपवलं. कला जपणारी संस्था कलाकाराची किती काळजी घेते, हा प्रश्न तेव्हा देशभरच्या चित्रकारांनी विचारला होता. तो अजून जुना झालेला नाही.

प्रश्न : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक झाली की देशभरच्या पेपरात रक्तबंबाळ डोक्यांचे फोटो येतात. आम्हा काही जणांच्या मनात गोटमारीचं फोटो प्रदर्शन भरवायचं आहे. ती आमची परंपरा आहे. पण लोक म्हणतात, बदनामी होईल. काय करावं?
– एक वाचक, पांढुर्णा

उत्तर : भरवा. बदनामी फोटोंनी होत नाही, दगडांनी होते.

पण पेपरातलेच फोटो मोठे करून टांगणार असाल तर त्रास घेऊ नका. बातमीदार दुपारी येतो, हवेतला दगड आणि फुटलेलं डोकं टिपतो आणि संध्याकाळी निघून जातो. त्याचं काम तेवढंच. तुमच्याकडे त्याच्या आधीचं आणि नंतरचं आहे. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवणारे हात, त्यावरचा झेंडा, चंडीच्या देवळातली पूजा, पांढुर्णा आणि सावरगाव या दोन्ही काठांवर सोयरिकी असलेली घरं. घराच्या दारात वाट बघणारी आई. टाके घालणारे डॉक्टर. दुसऱ्या दिवशीचा रिकामा काठ. पोरगा-पोरगी पळून जाण्याची जी कथा सांगतात तीही लिहा, पण ‘असं सांगतात’ म्हणूनच लिहा.

आणि मेलेल्यांना गाळू नका. या खेळात माणसं गेली आहेत आणि दरवर्षी शेकड्यांनी जखमी होतात. परंपरा जपायची म्हणून दगडफेक देखणी करून दाखवणं मला तरी पटत नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांनी परवानगी दिली तर त्याचा साधा, हसरा फोटो भिंतीवर असावा. नाही म्हणाले तर विषय संपला. विक्रीचे पैसे जमले तर कायमचे जायबंदी झालेल्यांच्या औषधपाण्याला द्यावेत; त्याहून जवळचं समाजकार्य तुम्हाला कुठे सापडणार?

परवानगीवर एवढा भर का, ते सांगतो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्यानं हाडांचे सापळे झालेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर ओळीनं बसवून फोटो काढले. पाहणाऱ्यांना दुष्काळाची भीषणता त्यातूनच कळली. पण त्याच काळातल्या लोकांनी त्याला धारेवरही धरलं, कारण फोटो काढून झाल्यावर त्यानं त्या माणसांना काही दिलं नाही. ते फोटो आजही पुस्तकांत आहेत, आणि त्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळचे बरेच फोटो आहेत. काही छोट्या रेल्वेचे. गावात जुन्या फोटोंचं प्रदर्शन होणार म्हणून मंडळवाले मागायला आले. द्यावेत का? हरवले तर?
– एक शिक्षिका, रामाकोना

उत्तर : फोटो द्या, मूळ प्रत देऊ नका. याबाबतीत मी हट्टी आहे, आणि माझ्या हट्टामागे रॉबर्ट गिल आहे.

मेजर गिलला ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं अजिंठ्याच्या परिसरात वर्षानुवर्षं काढली, मोठमोठी तैलचित्रं रंगवून लंडनला धाडली. ती क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी खाक झाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षं पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्याही बऱ्याच जळाल्या. दोनदा तेच. सगळं एकाच छपराखाली मांडलं की असं होतं.

तेव्हा फोटो स्कॅन करून घ्या, निदान ६०० डीपीआयवर, आणि फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा. एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे. मोबाइलनं काढलेला फोटोचा फोटो ओळख पटवायला चालतो, प्रदर्शनाला नाही. जुन्या फोटोला लॅमिनेशन कधीच करू नका, एकदा केलं की निघत नाही. चिकट पानांचे अल्बम मिळतात त्यांतून फोटो काढून घ्या, कारण तो गोंद हळूहळू फोटो खातो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं हलक्या हातानं नावं लिहा. डावीकडून तिसरा कोण ते सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर हे काम उरकून घ्यायला हवं. फोटो कागदाच्या गुणानं टिकेल. नावं नाहीत टिकत.

हक्काचं म्हणाल तर घरच्यांनी पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. प्रसिद्ध झालेल्या फोटोवरचा हक्क आपल्या कायद्यात आता फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. तरी मंडळाकडून एका ओळीची पावती घ्या : फोटो कुणाच्या संग्रहातला, कशासाठी दिला, छापायचा झाला तर पुन्हा विचारणार.

छोट्या रेल्वेचे फोटो मात्र आवर्जून द्या. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, तिच्या जागी मोठी लाइन आली, आणि जुन्या गाडीची इंजिनं-डबे पाहायचे तर आता नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जावं लागतं. तिथे लोखंड आहे. डब्यात बसलेली माणसं, भाजीच्या पाट्या, स्टेशनवर शिदोरी सोडलेलं कुटुंब, हे तुमच्या अल्बममध्ये आहे.

तुम्ही रामाकोनाच्या, म्हणून आणखी एक. १९३० च्या जंगल सत्याग्रहात आदिवासी पुढारी बादल भोई यांना तुमच्याच गावी जंगल कायदा मोडल्याबद्दल अटक झाली होती. छिंदवाड्याचं १९५४ मधलं आदिवासी संग्रहालय त्यांच्या नावानं आहे आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथे स्वातंत्र्यसैनिकांचं नवं संग्रहालयही सुरू झालं. गावात कुणाच्या पेटीत त्या काळचा कागद, फोटो, तुरुंगातलं पत्र असेल तर वर्गातल्या मुलांना शोधायला लावा. मुलांसमोर पेट्या लवकर उघडतात.

प्रश्न : धर्मादाय प्रदर्शनात चित्र विकत घेतलं तर आयकरात ८०जी ची सूट मिळते का?
– एक वाचक, सौंसर

उत्तर : नाही. पैशाच्या बदल्यात तुम्हाला चित्र मिळालं, म्हणजे ती खरेदी झाली. चित्र न घेता संस्थेला नुसती देणगी दिलीत, संस्था त्या सवलतीसाठी नोंदलेली असली, तिनं १०बीई प्रमाणपत्र दिलं आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असलात तर सूट मिळते. रोखीनं दोन हजारांवर दिलेल्या रकमेला नाही. गंमत अशी की चित्रकारानं आपलं चित्र फुकट देऊन टाकलं तर त्यालाही सूट नाही, कारण वस्तूरूपानं दिलेलं दान यात धरत नाहीत. विक्रेता जीएसटीत नोंदलेला असेल तर हाताने काढलेल्या चित्रावर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर लागतो, आधी बारा होता. बिल मागून घ्या. संस्थेच्या नावाचं वेगळं आणि चित्राचं वेगळं अशा दोन पावत्या मिळाल्या तर उत्तमच.